ढोमणे सरांनी खोडलेली ओळ

ढोमणे सर कोणाच्याही घरी गेले, की चहाच्या आधी जुनी वही मागत. "जीवशास्त्राची वही हाय काय रे? का रद्दीत देल्ली?" वही सापडलीच, तर मेंदूच्या धड्यातली एक ओळ शोधून ती लाल पेन्सिलीने खोडत आणि मग निवांत चहा पीत. विद्यार्थी तोवर दोन पोरांचा बाप झालेला असे. रिटायर झाल्यावर मास्तरांचा एक स्क्रू ढिला झाला, असं बालाघाटात लोक म्हणत. मला कधी हसू आलं नाही.

ती ओळ हिंदीत होती, कारण बालाघाट मध्य प्रदेशातलं, शाळाच हिंदी. 'जन्म के बाद मस्तिष्क में एक भी नई तंत्रिका कोशिका नहीं बनती.' तीस वर्षं सरांनी ती लिहून दिली, मलाही दिली. सगळ्या पुस्तकांत तेच होतं, त्यांचा दोष नव्हता. पण सरांनी तिचं जगण्याचं सूत्रच करून टाकलं होतं. कोणाची नोकरी हुको, कोणाची बायको माहेरी जाऊन बसो, सरांचं एकच उत्तर: "जेवढं घेऊन आलो, तेवढ्यातच भागवा लागते बापा."

ब्याऐंशीच्या दिवाळीनंतर आईला अर्धांगाचा झटका आला. हात हळूहळू सुधारला, पण वाचा गेली. घरात आम्ही दोघीच. रोज तासभर तिला बोलायला लावा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी कचेरीतून यायची, तिची अंघोळ, धुणं, स्वयंपाक उरकायची आणि मग ओसरीवर तिच्यासमोर बसायची. "आई, म्हण, पाणी." तिचे ओठ नुसते हलायचे. मग ती रडायची, मग मी चिडायची. असे चार महिने गेले. एका संध्याकाळी शेजारचे सर कुंपणापलीकडून म्हणाले, "सुमन, काहून तिले तरास देऊन राह्यली? मेंदूतलं मेलं ते मेलं. नवं येत नाही. मीच शिकवलं ना तुले?"

दुसऱ्या दिवसापासून मी ते बंद केलं.

अडीच वर्षांनी एका रविवारी भर दुपारी सर आमच्याकडे आले, ते चपला न काढताच आत. हातात वाचनालयातलं विज्ञानाचं मासिक. परदेशात कोणी गाणाऱ्या पिवळ्या पाखरांचे मेंदू तपासले होते. पूर्ण वाढ झालेल्या पाखरांच्या डोक्यातही नव्या पेशी तयार होत होत्या, आणि त्याही गाण्याच्याच जागी. सरांनी तो मजकूर मला दोनदा वाचून दाखवला.

"पाखराचं हाय हे," ते म्हणाले, "मानसाचं कोनालेच माहीत नाही. पन मी तं 'एकही नाही' म्हनून ठोकून देल्लं होतं. माया सांगन्यानं तू थांबली."

त्या दिवसापासून रोज सहाच्या ठोक्याला सर यायचे. आईचं माहेर रामपायलीचं, भाताच्या शेतातलं, म्हणून ते तळहातावर मूठभर धान घेऊन बसायचे. "वैनी, हे काय हाय? धान. म्हना, धान." शंभरदा तेच, आणि आवाज एकदाही चढत नसे. मला ते बघूनच थकायला व्हायचं. आठ महिन्यांनी आई "धा" म्हणाली. पुढे "धान" आलं, "सुम" आलं, शेवटी "नको" आलं. 'नको' ऐकून सर पायरीवर जाऊन बसले आणि उपरण्यानं डोळे पुसत राहिले.

मी विचारलं, "सर, म्हणजे आईच्या डोक्यात नव्या पेशी आल्या?"

"नवी आली का जुनीच जागी झाली, ते मले नाही समजत. पन अडीच वर्स आधी सुरू केलं असतं तं?"

मी आईला आत न्यायला उठले. त्या तीन शब्दांवर आई वर्षभर जगली. दुसऱ्या झटक्यात ती गेली आणि सर घरोघर वह्या मागत फिरू लागले.

पुढे त्यांची नजर अधू झाली. डोंगरातल्या उकव्याच्या मँगनीज खाणीत नोकरीला असलेला पुतण्या त्यांना न्यायला आला. मी स्टँडवर पोचवायला गेले. पुतण्या तिकिटं काढायला गेला, तेवढ्यात सरांनी माझा हात धरला. "सुमन, तुया मायची अडीच वर्सं मी खाल्ली. माफ कर मले."

खरी गोष्ट अशी, की त्या संध्याकाळी कुंपणाशी सरांचं बोलणं ऐकून मला वाईट वाटलंच नव्हतं. हलकं वाटलं होतं. चार महिन्यांत पहिल्यांदा मी पोटभर जेवले होते. पुढे डॉक्टरांनी आईच्या बोलण्याचं विचारलं, तेव्हा मी सरांचंच वाक्य त्यांच्या तोंडावर फेकलं. "काही उपयोग नाही म्हणून कोणी सांगितलं? बोलायला लावत राहा," असं ते म्हणाले. घरी येऊन मी तिला एकदाही लावलं नाही. सर बोलले नसते, तर मी दुसरं कारण शोधलं असतं. इतकी मी थकले होते.

बस सुटायला दहा मिनिटं होती. तेवढ्यात हे सांगून झालं असतं. मी म्हटलं, "सर, स्वेटर घेतलं ना? तिकडे थंडी असते."

"हौ," ते म्हणाले.

त्याच हिवाळ्यात सर गेले, माझ्या वाट्याची चूकही आपलीच समजून.