आत्यानं निवडलेली गाडी

आमची आत्या गाडी बघायला गेली की विकणारा देवाचा धावा करतो. बॉनेट उघडायच्या आधी ती सतरंजी टाकून सरळ गाडीखाली शिरते आणि खाऱ्या पाण्यानं खाल्लेला पत्रा नखानं खरवडून दाखवते. वीस वर्षं किनाऱ्यावरच्या होड्या गाडीनं ओढून वर काढायचा धंदा केलाय तिनं. रंग बघून गाडी घेणाऱ्यांना ती माणसांत धरत नाही. मी घेतली होती तशी एक. त्यावरून अजून बोलणी खातो.

बचाव पथकाला नवी गाडी घ्यायची ठरली तेव्हा पथकप्रमुख तिच्याकडेच आले. कुणी बुडतंय असं कळलं की ट्रॉलीवरची होडी वाळूतून पाण्यापर्यंत न्यायची आणि परतली की ओढून वर काढायची, एवढंच त्या गाडीचं काम. पण त्या होडीवर आत्याचा एकुलता एक मुलगा असतो. तिची झोप उडाली.

"ओढायला गाडी वजनदार हवी," ती मला म्हणाली, "आणि वजनदार गाडी वाळूत रुतते. आता सांग, काय घेऊ?"

मी आपला गाड्यांच्या जाहिराती चाळायला बसलो.

शेवटी दोनच गाड्या उरल्या: एक धिप्पाड पिकअप ट्रक आणि एक हलकी जीप. टायरमधली हवा कमी करून ते पसरट केले तर ट्रकही वाळूत चालला असता. पण पथकाची शेड लांब, डांबरी रस्त्यानं भरधाव यायचं तर टायर टणक हवेत. मग ऐन घाईत किनाऱ्यावर हवा सोडत कोण बसणार? तशाच टायरांवर चाचणी घेतली तर ट्रक पन्नास पावलांत रुतला. जीप होडी घेऊन पाण्यापर्यंत गेली आणि अलगद वर आली. आत्यानं जीपवर बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती माझ्या दारात उभी. चेहरा पांढराफटक.

"अरे, होडी रिकामी होती!"

"मग?"

"मग काय, डोंबल! येताना त्यात माणसं असणार, पाणी भरलेलं असणार. जन्मभर रिकाम्या होड्या ओढल्या मी. माझ्या डोक्यातच आलं नाही."

पुन्हा चाचणी ठरली आणि पथकवाले कुरकुरत होडीत बसले. आतेभाऊ सगळ्यांत पुढे. ओल्या उतारावर जीपची चारही चाकं जागीच फिरली आणि भरलेली ट्रॉली तिलाच मागे, पाण्याकडे खेचू लागली. सगळ्यांनी पटापट उड्या मारल्या म्हणून निभावलं. आत्या वाळूतून पुढे आली.

"माझं चुकलं," ती सगळ्यांदेखत म्हणाली. तिच्या तोंडून हे शब्द मी तोवर ऐकले नव्हते. "ट्रक घ्या. मी किनाऱ्यालाच राहते. हवा मी सोडीन."

महिन्याभरात पहिली हाक आली. भर दुपारी ट्रक वाळूच्या कडेला थांबला. आत्या हवेचं मीटर घेऊन आधीच उभी होती. एक टायर, दुसरा, तिसरा. लांब पाण्यात कुणीतरी हात हलवत होतं. माझा जीव टांगणीला लागला.

"आई, बस झालं! चल!" होडीतून आतेभाऊ ओरडला.

"थांब!"

चौथ्या टायरची हवा तिनं मीटर लावूनच सोडली. मला तिचा भयंकर राग आला. मग ट्रक निघाला आणि कुठंही न अडखळता वाळू ओलांडून गेला. होडी पाण्यात उतरली.

पाऊण तास आत्या मीटर हातात धरून पाण्याच्या कडेला उभी होती. होडी परतली ती पाच जास्तीची माणसं आणि घोट्यापर्यंत पाणी घेऊन. ट्रकनं एक हिसका दिला, क्षणभर थबकला आणि उतार चढून वर आला.

आतेभाऊ खाली उतरला. आत्या टायरपाशी उकिडवी बसून व्हॉल्व्हची टोपणं लावत होती. टोपण तिरकं लागायचं, ती काढून पुन्हा लावायची; एकही बसेना. त्यानं ती तिच्या मुठीतून काढून घेतली आणि एकेक करून चारही लावली.