सीलबंद रेडिओचा हिरवा डोळा

संशयाशिवाय न्याय नाही, हे सत्य मी फार लहान वयात घरीच शिकलो. वडील अमरावतीला वकिली करत आणि दूधवाल्याचीही रोज उलटतपासणी घेत. दूध मात्र पातळच येई.

साठच्या दशकात आमच्याकडे व्हॉल्व्हचा, म्हणजे तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचा, रेडिओ होता. त्याच्या कपाळावर एक हिरवा डोळा होता. दुकानदार त्याला ‘मॅजिक आय’ म्हणत. स्टेशन नीट लागले की तो मिटत येई आणि कार्यक्रम चालू असेपर्यंत बारीक थरथरत राही. एके दिवशी तो विझला. आवाज ठणठणीत होता, त्यामुळे कोणाचे काही अडले नाही.

अडले ते आत्याचे. ही वडिलांची थोरली बहीण, नांदगाव खंडेश्वरकडे दिलेली. यजमान गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली, तेव्हा तिला काहीच ऐकू येत नव्हते. रोज संध्याकाळी ती रेडिओसमोर बसून त्या डोळ्याकडे बघे. तो हलला की कोणीतरी बोलते आहे, एवढे तिला पुरे होते. तो विझल्यावर तिने तिथे बसणे सोडले आणि जेवणही निम्म्यावर आणले.

“मले आता कोणी काहीच सांगत नाही,” ती म्हणाली.

वडील विरघळले, पण बेताने. अमरावतीतल्या एकमेव बऱ्या मेकॅनिकला त्यांनी एका खटल्यात साक्षीच्या पिंजऱ्यात सोलून काढले होते. त्याच्या हाती आपला रेडिओ देण्याची त्यांना छाती झाली नाही. तेव्हा अकोला ठरले. तिथला माणूस आतले चांगले व्हॉल्व्ह काढून जुने बसवणार, याची वडिलांना तो माणूस पाहण्याआधीच खात्री होती. म्हणून त्यांनी रेडिओची पाठ उघडली, मृत्युपत्रांना लावायची लाख मेणबत्तीवर वितळवून प्रत्येक व्हॉल्व्हच्या बुडाशी ओतली आणि त्यावर आपली पितळी मोहोर उठवली. डोळा तेवढा मोकळा सोडला. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. रजा काढून, रेडिओ मांडीवर घेऊन एसटीत वडिलांशेजारी बसण्याचा मान मला मिळाला.

दुकान मोर्णा नदीपलीकडे, जुन्या शहरातल्या एका गल्लीत होते. मेकॅनिकने मागचा पुठ्ठा काढला आणि बराच वेळ आत बघत राहिला.

“वकीलसाहेब, हे काय जी? रेडिओ हाय का खजिना?”

“तुम्ही डोळ्यापुरतं बघा.”

“आन् बाकीचं?”

“बाकीचं आहे तसं परत न्यायचं आहे.”

“न्या ना जी. मले तुमची लाख काय कामाची?”

वडील दुपारभर स्टुलावर बसून त्याच्या हातांवर नजर ठेवून होते. तो उजेडाकडे वळला की हेही वळत. त्याने डोळ्याचा व्हॉल्व्ह बदलला, त्याच्यामागचा जळालेला रेझिस्टर काढून नवा जोडला आणि रेडिओ लावला. डोळा हिरवागार उघडला, गाणेही लागले. वडील लगेच म्हणाले, “पुरे.”

“जरा तापू तर द्या त्याले.”

याला रेडिओ आणखी वेळ कशाला हवा, असा प्रश्न वडिलांना पडला. त्यांनी एकेक मोहोर तपासली. सगळ्या शाबूत होत्या. आम्ही निघालो.

घरी रेडिओ लावला, तेव्हा आत्या समोर बसलेलीच होती. थोड्या वेळाने गाणाऱ्याचा घसा बसल्यासारखा झाला आणि मग आवाज पार बंद पडला.

“बदलला!” वडील म्हणाले. “मी म्हणत नव्हतो?”

पाठ उघडली. सर्वांत मोठ्या व्हॉल्व्हवरची मोहोर गायब होती. पुरावा मिळताच वडील मेकॅनिकच्या नावाची नोटीस तोंडी सांगू लागले. आईने टॉर्च आत धरला.

“कोणी तोडली नाही हो. वितळून खाली खोबणीत गेली आहे. हात लावून बघा, तवा झालाय तो.”

वडिलांनी हात लावला आणि नोटीस थांबली.

“अरे, सरका ना समोरून!” आत्या ओरडली. “तो बिचारा बोलून राहिला अन् तुमी मधातच उभे!”

आम्ही बाजूला झालो. लाख त्या मोठ्या, आवाजाच्या व्हॉल्व्हखाली गेली होती, म्हणून आवाज तेवढा बंद पडला होता. डोळा मजेत थरथरत होता. त्या रात्री आत्याने दुसरी भाकरी मागून घेतली.

अकोल्याच्या माणसाला ती लाख दाखवायला वडील तयार होईनात, आणि अमरावतीचा तर साक्षीदारच होता. पुढचे काही महिने आमच्या घरी रेडिओ फक्त आत्याच ऐकत होती.