हलगी वाजली आणि लेखक नाचले

परवा नांदेडला भाचीच्या लग्नात नवरदेवाच्या घोडीजवळ उभी होते. तिच्या घामाचा आणि गळ्यातल्या मोगऱ्याचा वास एकदमच नाकात शिरला आणि लोह्याजवळची आमची शाळा आठवली.

जुन्या लष्करी वाटेनं कंधारच्या किल्ल्यापर्यंत घोड्यावरून प्रवास करणारे एक थोर लेखक वाटेतल्या शाळांना भेटी देत होते. त्यांच्यासाठी आम्ही मुली सकाळपासून उन्हात लेझीम घेऊन ताटकळत होतो. स्वारी आली ती जीपमधून. फाटकाबाहेर उतरून त्यांनी फेटा बांधून घेतला आणि तिथं आणून ठेवलेल्या भाड्याच्या घोडीवर चढले. आत येताच सुरू झाले, "मुलांनो, घोडेस्वारी रक्तात असावी लागते!"

तेवढ्यात स्वागताची हलगी कडाडली, आणि घोडी मागच्या पायांवर उभी राहून नाचायला लागली. लेखकांनी तिच्या मानेला मिठीच मारली.

"अरे, थांबव हिला!"

"कशी थांबवू सायब?" घोडीवाला ओरडला. "वरातीची हाय ती! वाजून राह्यलंय तवर नाचतीच!"

आम्ही खिदळत हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या.

एवढी फजिती झाल्यावर हा माणूस मान वर करणार नाही, असं तेव्हा वाटलं होतं. आता कळतं, असल्या माणसांची फजिती होतच नसते. हलगी थांबली, घोडी थांबली. लेखकांनी फेटा सावरला आणि घोडीला मिळालेल्या टाळ्यांना मोठ्या नम्रतेनं हात जोडले.