लुबोशच्या अंगणातला बर्फ

आयर्लंडमधल्या शॅनन गावातला आमचा शेजारी लुबोश मूळचा स्लोव्हाकियाचा. विमानतळाजवळच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. कोणाच्या अध्यात ना मध्यात. नेमका म्हणूनच आमच्या घरात त्याच्यावर संशय. माझा नवरा उल्हास मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यात क्वालिटीला आहे, त्याला संशय घेण्याचाच पगार मिळतो. अकोल्याहून आलेल्या सासूबाई कोरोनामुळे इथेच अडकलेल्या. त्यांना खिडकीशिवाय दुसरा उद्योग नव्हता.

२०२१च्या जानेवारीत कडाक्याची थंडी पडली आणि लुबोश रोज संध्याकाळी मागच्या अंगणात बादल्या बादल्या पाणी ओतायला लागला.

"युवर मॅन काहीतरी लपवतोय," उल्हास म्हणाला. 'तो बुवा' म्हणायला इथले आयरिश 'युवर मॅन' म्हणतात, ते त्याने उचललं होतं. "एवढ्या थंडीत रोज फरशी कोण धुतं?"

"अन् आपल्याच भिंतीपाशी पानी कायले टाकते?" सासूबाई म्हणाल्या. "करनी हाय ते, बाप्पा."

मी हसले, पण पडदा मीही ओढून घेतला. तेव्हा सगळ्यांचीच अक्कल गहाण पडली होती.

त्याच आठवड्यात उल्हासला ताप आला. टेस्ट निगेटिव्ह आली, तरी सासूबाईंना हवा तो पुरावा मिळाला. त्यांनी मीठ-मोहऱ्यांनी लेकाची दृष्ट काढली. टाकायला घरात विस्तव नाही. मग जिथून आलं तिथेच जाऊ दे म्हणून भिंतीपलीकडे भिरकावलं, आणि तेवढ्याने समाधान होईना म्हणून मिठाचा अख्खा पुडा त्यावर रिकामा केला.

सकाळी लुबोश दारात. तोंडाला मास्क, हातात स्केट्स.

"माझ्या बर्फावर तुम्ही काही टाकलंत का?"

मी मागे जाऊन पाहिलं. त्याने थरावर थर देऊन जमवलेल्या बर्फाची मिठाने चाळण झाली होती.

दूर उभं राहूनच त्याने सांगितलं. तो आणि थोरला भाऊ रादेक चेकोस्लोव्हाकियात एकाच क्लबकडून आइस हॉकी खेळायचे. ऐन हंगामात देशाचे दोन तुकडे झाले. रादेक चेकांकडे राहिला, हा घरी स्लोव्हाकियात परतला. जागतिक स्पर्धेत जुन्या संघाची वरच्या गटातली पंगत चेकांना मिळाली, स्लोव्हाकांना अगदी तळाच्या गटापासून सुरुवात करावी लागली. "तू आम्हाला विकलंस," असं हा भावाला बोलून बसला आणि बोलणंच तुटलं. आता कोरोनाने दवाखान्यात पडलेल्या रादेकने स्वतःहून फोन केला होता: व्हेंटिलेटरवर ठेवायच्या आधी तुला एकदा बर्फावर बघायचंय. व्हिडिओ कॉलची वेळ आजच सकाळची ठरली होती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मीठ आमच्या घरातूनच पडलं," मी म्हणाले. तो काही बोलायच्या आत फोन वाजला. अंगणात जाऊन त्याने फोन बर्फाकडे वळवला. मी भिंतीशी उभी होते. भाषा कळली नाही, काय बोलणं झालं ते त्याने नंतर सांगितलं.

"बर्फ असा कसा रे?" रादेकने विचारलं होतं.

"पहाटेपासून खेळतोय. खेळून खेळून खराब झाला."

"कोण जिंकलं?"

"आपण," लुबोश म्हणाला.