प्रेमिलाने शिवलेला स्क्वेअर गळा

प्रेमिला बारापात्रे नागपुरात सक्करदऱ्याला ब्लाउज शिवते. सासऱ्यांचे दोन हातमाग होते. ते मोडीत निघाल्यावर त्याच खोलीत तिने शिलाई मशीन मांडली, त्याला आता बावीस वर्षं झाली. शाळा सातवीपर्यंतच. पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की तिचा छडा लावल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

गेल्या महिन्यात जरीपटक्याहून अंजू नावाची नवी गिऱ्हाईक आली. कापड ठेवून घाईघाईत म्हणाली, "काकू, गळा स्क्वेअर घ्या. शनिवारी नेते." आणि निघूनही गेली.

प्रेमिला कापडाकडे बघत राहिली. स्क्वेअर म्हणजे चौक, हे नागपुरात कोणाला सांगावं लागत नाही. दुकानांच्या पाट्यांवर तेच, ऑटोवाल्यांच्या तोंडीही तेच. पण चौकासारखा गळा कसा असतो? अंजूला फोन करायची तिला लाज वाटली.

दळण आणायला गेली तेव्हा तिने चौकातल्या रुपराव ऑटोवाल्याला गाठलं. "काहून गा रुपराव, या चौकाले स्क्वेअर काहून म्हणते?"

"काहून म्हणजे? बोर्डावर लिहून हाय ना!"

मग ती शेजारच्या देवराव गुरुजींकडे गेली. ते गणित शिकवून निवृत्त झालेले. म्हणाले, "स्क्वेअर म्हणजे चौरस. चारी बाजू सारख्या, चारी कोपरे काटकोनात."

"पण गुरुजी, आपल्या चौकात तं पाच रस्ते हाय. आन् मधात गोल कारंजं!"

गुरुजी हसले. "इंग्रज लोक घरांच्या मधल्या चौकोनी मोकळ्या जागेले स्क्वेअर म्हणत. तेच नाव चौकाले चिकटलं असंल. माझा अंदाज हाय बरं."

"आपला चौक तरी कुठं चारचा राहिला? पाच रस्ते असले तरी चौकच म्हणतो."

"तीस वर्षं भूमिती शिकवली," गुरुजी म्हणाले, "हे काही ध्यानात आलं नाही."

घरी येऊन तिने गळा बेतला. एवढा रुंद नको, असं हात सांगत होता, पण तिने त्याचं ऐकलं नाही. सात इंच रुंद, सात इंच खोल, टेपने दोनदा मोजून.

शनिवारी अंजूने ब्लाउज घालून पाहिला. "काकू, खांदा घसरून राहिला ना!"

"तू स्क्वेअर म्हटलं वं. मोजून पाह्य, चारी बाजू सारख्या हाय."

"अवो, स्क्वेअर म्हणजे आपला साधा चौकोनी गळा!"

"चौकोनी? तो तं मी बावीस वर्षांपासून शिवून राहिली!"

दोघी पोट धरून हसल्या. उरलेल्या कापडाची पट्टी आतून लावून प्रेमिलाने गळा अरुंद करून दिला. दोरा तोडता तोडता तिने विचारलं, "आन् पानाच्या आकाराच्या गळ्याले इंग्रजीत काय म्हणते वं?"

अंजूने शोधायला पर्समधून मोबाइल काढला, आणि प्रेमिला चष्मा पुसत तिच्याजवळ सरकली.