बुडालेल्या देवळावरून जाणारी बोट

घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या माझ्यासारख्यानं लिहायला बसावं हे धाडसच आहे, चुकलं तर माफ करा. पण हॉस्टेलचा जनरेटर सुरू होऊन डिझेलचा वास आला की मला आमच्या तलावातली सहलीची बोट आठवते. धरणाच्या भिंतीजवळच्या आमच्या गावातून ती पलीकडच्या काठावरच्या बाजारगावापर्यंत जायची. मधे जुनं गाव पाण्याखाली गेलेलं होतं, आणि त्यातल्या देवळावर बोट आली की सगळे उठून हात जोडायचे. गेल्या दिवाळीत सुट्टीला गेलो तेव्हा मीही बोटीत होतो. लोक उठून एका अंगाला आले, बोट कलली आणि हिरवट, गार पाणी पायांत आलं. बोटवाले मामा ओरडले, “बसा की खाली! देव बसूनबी पावतो!” एक म्हातारी म्हणाली, “देवाम्होरं बसून राहू व्हय रं? तूच नीट हाक तुजी बोट.” सगळे हसले. काठाला लागल्यावर मामा मला म्हणाले, “माजं कुणी ऐकत न्हाय. तू शिकलेला हायस, ‘उभं राहू नका’ अशी पाटी लिवून दे. लिवलेलं मानतेत लोकं.” माझं अक्षर वाईट, गाव हसेल, म्हणून मी म्हणालो, “परीक्षा झाल्यावर देतो, मामा.” परीक्षा झाली, निकालही लागला, पण मी गावी गेलोच नाही. आज इतकं लिहून झालं, तेव्हा ते तीन शब्द किती सोपे होते ते कळतंय. चैत्रात वडिलांचा फोन आला, “देवळावर बोट उलटली. माणसं निघाली सगळी, बोटवाला तेवढा न्हाय.”