म्यानाची खळ

आमच्या शेजारचे सुखदेवदादा मेश्राम जपानी तलवारींची म्यानं करतात, हे मी पुण्याला माहेरी सांगितलं तेव्हा सगळे हसले होते. हसा म्हटलं. मूळचा नागपूरचा माणूस, इथे परदेशात येऊन पेनरोजच्या फाउंड्रीत लाकडी साचे करण्यात सगळा जन्म गेलेला, रिटायर झाला म्हणून पापाकुराच्या घरात टीव्हीसमोर बसून राहणार होय? कामावरच्या एका जपानी मित्राकडून दादा ही कला शिकले, आणि मग लोक लांबलांबून तलवारी घेऊन त्यांच्या गॅरेजशी यायला लागले.

म्यान म्हणजे मखमल लावलेली नळी, अशी माझी समजूत. दादांनी एकदा मला नीट दाखवलं. मॅग्नोलियाच्या लाकडाच्या, म्हणजे आपल्या सोनचाफ्याच्या नात्यातल्या, दोन फाकी. पात्याला जसा बाक असेल तशाच त्या आतून कोरायच्या. पातं गळ्यापाशी तेवढं घट्ट धरायचं, बाकी आत कुठे घासता कामा नये. आणि दोन्ही फाकी चिकटवायच्या त्या भाताच्या खळीने. फेव्हिकॉल काय वाईट आहे, मी विचारलं. तर म्हणाले, उद्या आत गंज धरला तर म्यान न फोडता उकलता यायला हवं, आणि खळ पाचर मारली की सोडते.

ती खळ द्रौपदीवहिनींची. आपल्याकडे भातात चिमूटभर मीठ पडतंच, आणि मीठ तर लोखंडाचा वैरी. म्हणून त्या भाताचं पातेलंच वेगळं. बिनमिठाचा भात मऊ शिजवायचा आणि फळीवर घोटून घोटून दादांना द्यायचा. माझ्यावाचून ह्यांचं एक म्यान मिटत नाही, असं वहिनी मिरवायच्यासुद्धा. मिरवू देत की, खरंच होतं ते.

मग वहिनी विसरायला लागल्या. आधी माणसांची नावं, मग पेटलेला गॅस. एकदा कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला गेल्या आणि घरच सापडेना. गाऊनवर, पायात रबरी जँडल्स, रस्त्यात रडत उभ्या होत्या. मीच हाताला धरून आणलं. मुलगा प्रणय शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, अल्बनीला राहतो. तो म्हणाला, बाबा, आता आईला ठेवायला रेस्ट होम बघायला हवं. दादांनी त्याला उडवूनच लावलं. ती अजून माझी खळ करते आणि चोख करते, हे त्यांचं एकच पालुपद. मला दोघांचाही राग यायचा. प्रणयचा जरा जास्त, कारण त्याचं चुकत नव्हतं.

मार्चमध्ये हारुको नावाच्या बाईंनी त्यांच्या वडिलांचं पातं आणलं. दादांनी साधं, बिनरंगाचं, इतकं देखणं म्यान केलं की मी त्यावरून हात फिरवत राहिले. जूनमध्ये इथली उलटी थंडी सुरू झाली आणि एका रविवारी बाई परत आल्या. मी तिथेच होते, प्रणयही आलेला होता. बाईंनी टेबलावर पातं बाहेर काढलं. धारेवरून तांबूस गंज उतरत गेला होता आणि टोकाकडे चक्क खड्डे पडले होते. बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खुर्चीत बसल्या आणि रडायला लागल्या.

दादांनी पाचर मारून म्यान उकललं. वाळलेल्या खळीचा एक कपचा काढून जिभेवर ठेवला, आणि त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी बाईंची माफी मागितली. या वेळी भात मीच शिजवला होता, सवयीने मीठ पडलं, सगळी चूक माझी, असं इंग्रजीत सांगितलं. प्रणयकडे बघून तेच पुन्हा मराठीत सांगितलं. धादांत खोटं.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या सावकाश पुढे आल्या, खळीचा कपचा त्यांनीही चाखला.

"हे त्या पातेल्याला हातसुद्धा लावत नाहीत," त्या म्हणाल्या. "मीठ मी घातलंय." आवाज अगदी पूर्वीचा, खणखणीत. मग प्रणयकडे वळल्या. "तू म्हणतोस ना, तिथे मला नेऊन ठेव. माझ्यापायी ह्यांच्या हातांना नाव ठेवलेलं मला चालायचं नाही."

दादा नको नको म्हणत राहिले. पण पुढे त्यांनी होकार दिला. भेटेल त्याला सांगायचे, मी नाही हो, तिनेच ठरवलं. तेवढ्या एका आधारावर बिचारे उभे होते.

रेस्ट होममध्ये जागा मिळाली. नेण्याच्या दिवशी सकाळी बॅग भरायला मी गेले, कारण दादांच्याने साड्यांच्या घड्या होईनात. वहिनी पलंगावर बसून बघत होत्या. कोण चाललंय, त्यांनी मला विचारलं. मी हातातली घडी बॅगेत ठेवली. शेवटी दादा त्यांच्यासमोर खाली बसले.

"तू चाललीयेस. तूच म्हणालीस ना, द्रौपदी?"

"मी?" वहिनी म्हणाल्या. "घर सोडून जाते, असं मी म्हणेन का हो कधी? माझं काय चुकलं, तेवढं तरी सांगा."

"काही नाही चुकलं," दादा म्हणाले, आणि त्यांच्या पायात मोजे घालायला लागले.